नाक घेऊन नदीकाठी

गाडी अजून पुलावरच होती आणि माझ्या नाकाने परत फिरायचं ठरवून टाकलं होतं. मी त्याला समजावलं, बाबा रे, जुनी माणसं आहेत, एका दिवसाचा प्रश्न आहे. समोरच्या बाकावरचे प्रवासी भराभर खिडक्या लावत होते. काच लावली की वास बाहेर राहतो असं ज्यांना वाटतं, त्यांचा मला नेहमी हेवा वाटत आला आहे. हा वास काचेतून येतच नव्हता. तो बाकाच्या कापसातून येत होता, तिकिटाच्या शाईतून येत होता. पूल संपेपर्यंत माझ्या पिशवीतलं सफरचंद आतून तपकिरी पडलं, आणि ते मी कापलेलंही नव्हतं.

नाकाचं आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं पटायचं नाही. उभा जन्म मी एका साबणाच्या कारखान्यात वास घ्यायचं काम केलं. माझा हुद्दाच 'नाक' होता. हजेरी घेणारा दारातून ओरडायचा, "नाक आलं का?" चरबीच्या पिंपाचं झाकण निघायच्या आत मी सांगायचो, बकरी आहे की मेंढी, आणि जनावर मरताना चिडलेलं होतं की समाधानी. मालकांच्या सासूबाई यायला निघाल्या की त्या तिकडे गाडीत चढताच मला इकडे कळायचं. मग मालक मागच्या दाराने पसार व्हायचे. मला कारखान्यात जो काही मान होता, तो मुख्यतः या कामामुळे होता.

तर आमच्याकडे एक पद्धत होती. तयार मालाबद्दल नाकाने तोंड उघडायचं नाही. कारण नाक बोललं की केमिस्ट वाद घालणार, विक्रीवाले वाद घालणार, आणि तोवर माल बाजारात जाऊन एखाद्या बाईचं तोंड सुजवणार. म्हणून प्रत्येक कढईतली एक वडी माझ्यापुढे ठेवायची. वास बरा असेल तर मी ती तशीच राहू द्यायची. वाईट असेल तर उपडी करायची. झालं. उपडी वडी म्हणजे सबंध कढई फेकून द्या. एकदा उपडी केलेली वडी मालकांच्या वडिलांनाही सुलटी करता येत नसे, आणि कारखाना त्या वडिलांनीच काढलेला होता.

ज्याच्याकडे मी निघालो होतो तो त्याच कारखान्यातला भट्टीघराचा मुख्य. त्याला सगळे 'भट्टी' म्हणायचे, मीही. त्याची बायको आमच्या कँटीनची स्वयंपाकीण. तिला सगळे वहिनी म्हणायचे. तिच्या हाताची काय गोष्ट सांगावी. पातेल्यावरच्या वाफेत नाक घातलं की मीठ किती कमी आहे ते ती सांगायची, चव न घेता. एकदा बटाट्यांचं सबंध पोतं तिने दारातून परत पाठवलं, कारण त्यातल्या एका बटाट्यावरून उंदीर चालत गेला होता. कुठल्या बटाट्यावरून, तेही तिने दाखवलं. मी वास घेऊन पाहिला. चालत नव्हता गेला, धावत गेला होता, पण एवढा फरक मी सोडून दिला.

निवृत्त झाल्यावर दोघं या शहरात नदीकाठी घर घेऊन राहिली. दरवर्षी बोलवायची आणि दरवर्षी मी टाळायचो. या वेळी भट्टीचा फोन आला तो जरा घाईचाच. "ये की एक दिवस. काही करायचं नाही. बसू, नदी बघू, जेवू, संध्याकाळच्या गाडीने जा."

स्टेशनवर त्याने मला मिठी मारली. मी श्वास धरून ठेवला, पण भट्टीची मिठी म्हणजे काही साधी नाही, त्याने छातीतला आहे तो श्वासही बाहेर काढला आणि मग नवा घ्यावाच लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्हातारा झालास," तो म्हणाला. "लगेच रडतोस."

मग त्याने मला बाजूला घेतलं, वजनकाट्याच्या मागे, चोराने चोराला घ्यावं तसं.

"घरी पोचायच्या आत एक सांगतो. तुझ्या वहिनीला इथून जायचंय."

"कुठे?"

"डोंगरात. बहिणीकडे. बहिणीचा खालचा मजला रिकामा आहे. म्हणते, इथे वास येतो."

"वहिनीला येतो?"

"छे. तिला नाही येत, मला नाही येत. या गावात कुणालाच येत नाही. पण मागे बहीण आली होती, ती दारातूनच परत गेली. पदर नाकाला. तेव्हापासून हिने डोक्यात घेतलंय की आपण घाणीत राहतो. भांडून भांडून थकलो बाबा दोघं. शेवटी ठरलं, तुला बोलवायचं. दिवसभरात तू एक जरी वस्तू उपडी केलीस तर सामान बांधायचं. नाही केलीस तर तो विषय पुन्हा काढायचा नाही."

"मग मला आधी का सांगतोयस? मला कळायला नको होतं ना?"

"नको होतं," तो म्हणाला. "तिला सांगू नकोस मी सांगितलं म्हणून."

मी हसलो. तो हसला नाही.

"भट्टीघराला खिडकी नव्हती, तुला माहीत आहे," तो म्हणाला. "जन्मभर मी एक भिंत बघितली. काळी. आता सकाळी उठतो, खुर्ची ओढतो, समोर पाणी. हलणारं पाणी. मला दुसरं काही नको रे. एक दिवस चेहरा जागेवर ठेव. एवढंच."

मैत्रीत माणूस काय काय हो म्हणून बसतो. मी हो म्हटलं. बसमध्ये मी त्याच्या शेजारी न बसता पुढच्या खिडकीशी जाऊन बसलो, गाव बघायचं निमित्त करून, आणि नाकाशी बोलणी सुरू केली.

घर दुसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या कठड्याला हात लावला तर हात तिथेच राहायला बघत होता. सोडवून घेतला तेव्हा तळव्यावर एक थर आला, मेणासारखा, पण मेणाला लाज वाटेल असा. वहिनीने दार उघडलं. ती माझ्याकडे बघत होती, पण डोळ्यांत नाही, थेट नाकपुड्यांत.

"या भाऊजी. किती वर्षांनी. दमलात?"

"अजिबात नाही, वहिनी."

"श्वास लागल्यासारखा दिसतोय."

"जिना चढलो ना."

"दुसराच तर मजला," ती म्हणाली आणि सावकाश बाजूला झाली.

खोली स्वच्छ होती, हे सांगायला हवं. वहिनीची खोली अस्वच्छ कशी असेल. फरशी घासलेली, पडदे धुतलेले, टेबलावर इस्त्रीचा कपडा. आणि त्या सगळ्या स्वच्छपणावर, ताज्या रंगावर माशी बसावी तसा तो वास बसला होता. पडदे त्याच नदीच्या पाण्यात धुतले होते. भिंतीचा कागद नदीकडच्या बाजूने सुटून आतल्या बाजूला गोळा झाला होता. त्याला पाय असते तर तो जिन्यापर्यंत पोचला असता. खिडकी सताड उघडी, आणि खिडकीत भट्टीची खुर्ची. माझ्यासाठी दुसरी खुर्ची तिच्या शेजारी, आणखी थोडी पुढे. ती वहिनीने ठेवली होती, हे मला न सांगता कळलं.

नदी काय होती ते आता सांगतो. वरच्या अंगाला कातडी कमावणारे, त्यांच्या खाली रंगाचे कारखाने, त्यांच्या खाली कत्तलखाना, आणि सगळ्यांच्या खाली हे गाव. यंदा कपड्यांत कोणता रंग चालतोय ते या गावाला पेपर वाचून कळावं लागत नाही. त्या दिवशी जांभळा चालत होता. जांभळ्यावर हिरवी साय, सायीवर पिवळट फेस, आणि फेसावर एक कावळा चालत पलीकडच्या काठाला निघाला होता. मधे थांबून त्याने मागे वळून बघितलं, विचार केला, आणि पुन्हा चालू लागला. उडण्याची त्याला गरज वाटली नाही. मग पुलाखालून एक फुगलेलं कुत्रं आलं, चारी पाय वर, कसलीही घाई नसल्यासारखं.

"बघ," भट्टी म्हणाला. "किती संथ वाहते."

"संथ आहे," मी म्हटलं.

वहिनीने चहा आणला, पाव, लोणी, उकडलेली अंडी. चहाच्या कपावर एक तवंग होता, आणि त्या तवंगात इंद्रधनुष्य. मी कप उचलला. माझा हात जन्मभराच्या सवयीने मनगटात वळायला लागला. तेवढ्यात भट्टीने माझ्या हातावर हात ठेवला.

"गरम आहे," तो म्हणाला. "जपून."

"आधी मी प्यायले," वहिनी म्हणाली. "कोमट आहे."

मी प्यायलो. सबंध. घशाखाली जाताना त्या चहाने दोनदा परत यायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा मी त्याला दारातून आत लोटलं. वहिनी हाताची घडी घालून उभी. जकातनाक्यावरचा शिपाई तुमच्या ट्रंकेकडे जसा बघतो, तशी ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.

"आणखी देऊ?"

"कशाला उगाच."

"उगाच कसं, पाहुणे ना तुम्ही." आणि दिला.

मग तिनेच काढलं, नावेतून फिरून येऊ या. भट्टी म्हणाला, कशाला, इथूनच छान दिसतं. ती म्हणाली, "अहो, नदी आवडते ना तुम्हाला? मग घाबरता कशाला?" त्याने चपला घातल्या.

काठाने चालत गेलो. बाकांवर माणसं बसली होती, सुट्टीच्या कपड्यांत, पाय लांब करून. एक बाई विणत होती. एक जण आइस्क्रीम खात होता, वाऱ्याने फेसाचा गोळा उडून त्याच्या आइस्क्रीमवर बसला, आणि त्याने तो जिभेने आत घेतला, बघितलंही नाही. मी दुसरीकडे तोंड फिरवलं. दुसरीकडे एक माणूस नदीत रुमाल बुडवून मान पुसत होता.

नावाडी बुटका, दात पडलेला, आनंदी. म्हणाला, नावेचा तळ दर हंगामाला बदलतो, नदी खाते त्याला. गेल्या हंगामात तर मधोमध असताना खाल्ला.

"मग बुडाला नाहीत?" मी विचारलं.

"बुडायला पाणी पातळ लागतं," तो म्हणाला. "मी चालत आलो."

मधे गेल्यावर त्याने बांबू नदीत रोवला, हात सोडला आणि विडी पेटवली. बांबू तसाच उभा. थोड्या वेळाने एक पक्षी येऊन त्यावर बसला. नावाड्याने माझ्याकडे निरखून बघितलं.

"पाहुणे बाहेरगावचे का? ओळखू येतात. बाहेरगावचे लोक इथे तोंडाने श्वास घेतात."

वहिनी सावध झाली. "हे तोंडाने घेतायत का हो?"

"उघडं तर दिसतंय."

मला दुसरा उपाय नव्हता. तोंड उघडं ठेवायचं तर बोलत राहायला हवं. मी बोलायला लागलो. कारखान्यातल्या एका मांजराची गोष्ट सांगितली, जे साबणाच्या कढईत पडलं आणि इतकं स्वच्छ होऊन बाहेर आलं की कुणाला दिसेचना. फक्त म्यांव ऐकू यायचं आणि दूध कमी व्हायचं. ती संपली तेव्हा पलीकडचा काठ अजून लांब होता. मग मालकांच्या केसांच्या टोपाची सांगितली. मग केमिस्टच्या लग्नाची, ज्यात नवरी बदलली होती आणि केमिस्टला ते पहिलं बाळ झाल्यावर समजलं. नावाडी हसून हसून वाकला. भट्टी कृतज्ञ नजरेने बघत होता. मी तीन गोष्टींच्या श्वासावर नदी ओलांडत होतो.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "किती छान सांगता. आता जरा गप्प बसा. नदी ऐकू या."

मी गप्प बसलो. तोंड मिटलं. आणि नदी आली. आधी कातडी, भिजवलेली, केस सुटत आलेली. मग कत्तलखाना. मग काहीतरी गोड, खूप गोड, जे गोड असायला नको होतं. माझ्या पायाचे अंगठे बुटात आखडले. कान गरम झाले. पण चेहरा जागेवर होता, यापुढे मी कोणत्याही देवळाबाहेर दगडी द्वारपाल म्हणून उभा राहू शकलो असतो. वहिनी बघत राहिली, आणि तिच्या नजरेत पहिल्यांदाच मला काही वेगळं दिसलं. ती आता माझ्यावर पाळत ठेवत नव्हती. ती विनवत होती. मी पाण्याकडे बघितलं, म्हणजे बघू नये तिकडे बघितलं.

"काहीच नाही?" ती हळूच म्हणाली.

"गार वारा आहे," मी म्हटलं.

घरी आलो. जेवायला मासा होता. भट्टीने स्वतः धरलेला, खिडकीतून. गळ लागत नाही म्हणाला, दोरीला टोपली बांधून सोडायची, मासे आपणहून चढतात. चढणारच. मीही चढलो असतो. "तू येणार म्हणून मोठा राखून ठेवला होता," तो म्हणाला, आणि 'राखून' म्हणजे किती दिवस ते मी बोटांवर मोजायला लागलो.

वहिनी स्वयंपाकघरात रस्सा ढवळत होती. मी दारात उभा राहिलो. तिने मिठाचा डबा काढला, चमचा भरला, आणि सुरीच्या पात्याने वरचं मीठ सपाट केलं. मग तो पातेल्यात घातला. मग चमचा धुऊन पुसून ठेवला. मी नुसता बघत राहिलो. वहिनी चमच्याने मीठ मोजत होती.

"असं कधीपासून?" मी विचारलं.

तिने मागे वळून बघितलं नाही. "वाफेवरून कळायचं ना मला. आता वाफ नुसती ओली लागते."

"चव?"

"वास गेला, त्याच्या मागोमाग चवही गेली. आता जेवण म्हणजे गरम की गार, मऊ की कडक. यांना काही वाटत नाही. म्हणतात, पोट भरल्याशी कारण." तिने झाकण ठेवलं. "बहिणीकडे गेले तर परत येईल असं डॉक्टर म्हणतो. येईलच असं नाही म्हणत. येईल म्हणतो. मला एकदा कांदा भाजल्याचा वास घ्यायचाय, भाऊजी. बाकी काही नाही."

टेबलावर तीन ताटल्या मांडल्या. मासा मधे. त्याचे डोळे पांढरे, कल्ले राखाडी, आणि त्याच्यावरून जी वाफ निघत होती ती सरळ वर जात नव्हती. ती टेबलाच्या कडेवरून खाली गळत होती. नदीचा वास एक आणि हा वास दुसरा. नदी नुसती घाण होती. मासा नासलेला होता. नदीतून काढून काही दिवस कुठल्याशा फळीवर ठेवलेला, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. त्याच्या मांसाला एक चमक आली होती, ओल्या रबरासारखी. चमच्याचा स्पर्श झाला की ते आपणहून सुटत होतं आणि आतून पाणी यायचं, दुधाळ.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "मी काही उपडं करायला सांगत नाही. नुसतं सांगा, मीठ बरोबर आहे ना?"

टेबलाखाली भट्टीचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला.

मी एक घास तोंडात घातला. त्याबद्दल मी काही सांगणार नाही. फक्त एवढंच, की माझी जीभ त्या दिवसापासून माझ्याशी नीट वागत नाही. गोड दिलं तरी आधी शंका घेते. गिळला.

"मीठ बरोबर आहे," मी म्हटलं.

भट्टीचे खांदे खाली आले. त्याने पाव तोडला आणि खिडकीबाहेर बघत हसला, घर वाचलेल्या माणसासारखा. वहिनीने मान हलवली, स्वतःशीच, कसला तरी हिशोब मिटल्यासारखी. मग खुर्ची पुढे ओढली.

"मग मीही बसते," ती म्हणाली, आणि पोटाकडचा मोठा तुकडा आपल्या ताटलीत घेतला.

ती खायला लागली. भट्टीही. दोघं शांतपणे चावत होती. एक बोट जिभेवर नेऊन काटा काढायचा, ताटलीच्या कडेला ठेवायचा, पुन्हा घास. तिच्या हनुवटीवरून तो दुधाळ रस ओघळला, तिने तो पावाने टिपला आणि पाव खाल्ला. दिवसभर मला जी किळस आली होती ती सगळी एकीकडे, आणि ही एकीकडे. नदीची किळस येऊन जाते. पण ज्या बाईने उंदराच्या पावलासाठी सबंध पोतं परत पाठवलं, ती माझ्यासमोर कुजलेला मासा खात होती आणि मीठ बरोबर पडल्याचं समाधान मानत होती. माझ्या शब्दावर विसंबून.

तिने दुसरा घास उचलला तेव्हा मी हात पुढे केला, तिची ताटली धरली आणि टेबलावर उपडी केली.

इस्त्रीच्या कपड्यावर रस पसरत गेला. मग मी माझी ताटली उपडी केली. भट्टीने आपली दोन्ही हातांनी दाबून धरली होती.

"हे नदीचं नाही," तो म्हणाला. "हा मासा आहे. मासा हिशोबात धरायचा नाही. ठरलं होतं नदीचं."

"ठरलं होतं कुठलीही वस्तू," वहिनी म्हणाली. तोंडातला घास तिने रुमालात काढला, रुमाल घडी करून बाजूला ठेवला. "काय आहे हो त्यात?"

"नासलाय," मी म्हटलं. "बरेच दिवस झाले. दोघांनी आधी चुळा भरा."

"तू मला स्टेशनवर काय म्हणालास?" भट्टी माझ्यावर तापला. "शब्द दिलास ना?"

"स्टेशनवर काय म्हणाले?" वहिनीने विचारलं.

तिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तरीच," ती म्हणाली. "नावेत नुसती बडबड. मी म्हणते, भाऊजींना झालंय काय. तुम्ही दोघं लबाड."

चुळा भरून झाल्या. टेबल तिने आवरलं नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. मासा तसाच मधे. ती माझ्यासमोर येऊन बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, आणि मी नकळत मागे सरलो. तिने ते बघितलं.

"कसा येतो?" तिने विचारलं. "नीट सांगा. माझ्यापासून काही लपवू नका. इथे राहून इतकी वर्षं झाली, मला माहीतच नाही."

म्हणून मी सांगितलं. कामावर असताना मालाबद्दल तोंड उघडायची मला परवानगी नव्हती, तेव्हा वास कसा आहे हे आयुष्यात पहिल्यांदाच सांगत होतो. खालून वर सांगत गेलो. तळाला चिखल, त्याचा वास जुन्या विहिरीत विसरलेल्या बादलीसारखा. त्यावर कातडी, पावसात भिजलेल्या चपलांचा ढीग बंद खोलीत महिनाभर ठेवावा तशी. त्यावर रंग, तोंडात नाणं धरल्यासारखा. त्यावर रक्त, गोडसर, मुंग्यांना बोलावणारं. सगळ्यात वर सांडपाणी, ते तर तुम्हाला माहीतच आहे. आणि या सगळ्याला वाऱ्याने कालवलेलं, उन्हाने उकळलेलं, आणि पडद्यांत, गाद्यांत, या पावात मुरवलेलं. ती ऐकत होती. डोळे मिटून, नाकाच्या शेंड्याशी थोडी आठी घालून, आवडत्या माणसाचं पत्र कुणी वाचून दाखवावं तशी. मधेच म्हणाली, "रक्ताचं पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. भट्टी खिडकीकडे पाठ करून उभा होता. ऐकत होता तोही.

"आणि आम्ही?" तिने विचारलं.

मी टेबलक्लॉथकडे बघितलं.

"भाऊजी, तुम्हाला विचारतेय. आमचा कसा येतो?"

"तसाच," मी म्हटलं.

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. भट्टीने बाही नाकाशी नेली. मग दुसरी. मग कॉलर ओढून आत नाक घातलं आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. त्याला काहीही मिळत नव्हतं, हे त्याच्या पाठीवरून कळत होतं.

"बसमध्ये तू माझ्या शेजारी बसला नाहीस," तो म्हणाला.

"नाही."

"मला वाटलं, तुला खिडकी हवी असेल."

मी उपडी ताटली टेबलाच्या मधे सारली.

"तिची बहीण दारातून गेली," तो म्हणाला. "ती घराला नाक धरून गेली, का आम्हाला?"

वहिनी उठली नाही, रडली नाही. तिने आपल्या हातांचे तळवे वर करून बघितले, वास डोळ्यांनी दिसतो का म्हणून, आणि ते पदराखाली घेतले.

"डोंगरात काय बघायचं?" भट्टी म्हणाला. "डोंगर हलत नाही."

"ढग हलतात," ती म्हणाली.

"ढग रोज नसतात."

"मग मी हलेन तुमच्यासमोर. रोज. चालेल?"

त्याने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. बाहेर जांभळं पाणी चाललं होतं, त्यावर ऊन, आणि लांबून बघणाऱ्याला ते सुंदरच दिसलं असतं. त्याने ते बघून घेतलं. भरपूर बघून घेतलं. मला वाटलं आता हा मला खिडकीतून खाली टाकतो, आणि मी नदीवर पडून कावळ्यासारखा चालत स्टेशनला जाईन.

"कर फोन तिला," तो म्हणाला.

फोन भिंतीवर होता. वहिनीने तो आधी पदराने पुसला, मग कडेकडेने पुन्हा पुसला. नंबर लावला. पलीकडून बहिणीचा आवाज आला तो मलाही ऐकू आला, बारीक, खुशीतला. वहिनीने फोन कानाजवळून दूर नेला, हात लांब करून, पार खांद्यापलीकडे, आणि तोंडावर दुसरा हात धरून, खोलीच्या त्या टोकाला बोलावं तशी मोठ्याने बोलायला लागली, "मी बोलतेय गं. आम्ही येऊ का?"

आणि भट्टी, त्याला कुणी सांगितलं नव्हतं, दोन पावलं मागे सरून भिंतीला लागून उभा राहिला, फोनपासून होईल तितका लांब.